नाचायचं कुणासाठी?

नाथषष्ठीच्या आधीचा शनिवार. पैठण रोडवर चितेगावला चहाला थांबलो, तर समोरून दिंडी आली. मृदंग घुमला आणि पावली सुरू झाली. मी सवयीनं मोबाइल काढला. एक आजोबा म्हणाले, "शूटिंग काय करतो? ये की!" हात धरून फुगडीच घातली... दोन मिनिटांत माझी दमछाक!

मागे मी टँगोचे चार क्लास केले होते. पहिला धडा होता, समोरच्याचं पाऊल ओळखा. तेच मला कधी जमलं नाही.

टँगो १९व्या शतकाच्या अखेरीस ब्युनॉस आयर्स आणि माँटेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत जन्मला. १९१३ला पॅरिसला त्याचं वेड लागलं, १९८५ला 'टँगो आर्जेंटिनो' ब्रॉडवेवर गाजला. रंगमंचावर उंच उडणारे पाय आणि गिरक्या आल्या. पण मिलोंगात, म्हणजे तिथल्या नाचाच्या मैफलीत, जोडपी आजही मिठीत शांतपणे चालतात.

पावलीचंही तसंच. एकनाथांनी १५९९ला गोदावरीत जलसमाधी घेतली, त्या तिथीला वारकरी पैठण गाठतात. स्टेजवरच्या पावलीत नजर प्रेक्षकांकडे असते, रस्त्यावर शेजाऱ्याच्या पायांकडे. अस्सलपणा असलाच तर तिथे.

व्हिडिओ राहिलाच. असो. आजोबांच्या हाताची पकड मात्र अजून जाणवते.