हैदराबाद क्रमांक १२-अ

लंडनला लेकासुनेकडे जाऊन आलेली आपली मंडळी राजवाडा, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे सगळे पाहून येतात. उत्तर लंडनमधल्या हेंडनच्या हवाईदल संग्रहालयात मात्र सहसा कोणी जात नाही. तिथे लाकूड-कापडाचे, पंखांच्या दोन जोड्यांचे एक जुने बाँबफेकी विमान उभे आहे. त्याच्या अंगावर आपल्या गावाचे नाव आहे : ‘हैदराबाद क्रमांक १२-अ’.

पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाईदलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी विमानांचा खर्च दिला. म्हणून त्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. विमाने डीएच-९ए जातीची, अमेरिकन लिबर्टी इंजिनाची. सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्समध्ये पोहोचली. ५ ऑक्टोबरला जर्मनीतील कैसरस्लाउटर्नवरच्या हल्ल्याच्या वेळी हे विमान शत्रूच्या मुलखात उतरले आणि आतले दोघे कैद झाले. युद्ध संपायला जेमतेम पाच आठवडे उरले होते.

देणगीचे श्रेय निजामांना मिळाले, ते ठीकच. पण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा याच राज्यात होते. पैसा सरकारी खजिन्यातला असो की सर्फेखासचा, त्याचा मोठा भाग शेतसाऱ्यातूनच येई. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांच्या ज्वारी-कापसाचा वाटा त्या पंखांत असणार. विमानावर ते लिहिलेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

जर्मनांनी विमान बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात तिथला संग्रह बाँबफेकीच्या भयाने पूर्वेकडे हलवला, आणि आपले विमान पोलंडमध्ये राहिले, क्राकूवला. १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात ते इंग्लंडला परतले. मग कार्डिंग्टन येथे त्याची दुरुस्ती चालली आणि १९८३ मध्ये ते लोकांसमोर आले.

ही दुरुस्ती म्हणजे काय, हे समजायला आपल्याकडचेच दुसरे उदाहरण घेऊ. युद्धानंतर ब्रिटिशांनी उरलेली काही विमाने हिंदुस्थानला भेट दिली. त्यातली डीएच-९ जातीची, म्हणजे आपल्या विमानाची थोरली भावंडे, बिकानेरच्या राजवाड्यात अनेक दशके हत्तीखान्यात पडून होती. इंग्लंडमधील जाणकारांनी तिथले अवशेष नेले. लाकूड वाळवीने खाल्लेले, पण धातूचे जोड शाबूत. प्रत्येक तुकडा मोजायचा, त्याचा फोटो काढायचा, त्यावर क्रमांक घालायचा. लाकूड गेले तरी दोन जोडांवरून मधल्या दांड्याचे माप कळते. मग नव्या स्प्रूस आणि अ‍ॅशच्या पट्ट्या तासायच्या, पंखाच्या फासळ्या एकेक करून जोडायच्या, त्यावर लिनन हाताने शिवून डोप नावाचे रोगण द्यायचे. ते वाळले की कापड मृदंगाच्या पुडीसारखे ताणते. बाहेरून पाहणाऱ्याला महिनोन्‌महिने काहीच झालेले दिसत नाही. अखेर मे २०१९ मध्ये त्यातले एक विमान इंग्लंडात डक्सफर्डला उडाले.

उडवायचे तर लाकूड नवेच हवे. जुन्यावर माणसाचा जीव कसा सोपवणार? संग्रहालयात उभे करायचे असेल तर मात्र अशक्त झालेला जुना तुकडाही जागच्या जागी राहू शकतो. बिकानेरच्या विमानाचे कौतुक आहेच. तरी मला विचाराल तर आपले न उडणारे विमान मी आधी पाहीन. ज्या विमानासाठी इथला पैसा गेला, ते हेच.

संग्रहालयाला प्रवेश विनामूल्य आहे. भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर कॉलिंडेल स्थानकात उतरावे, तिथून चालत जाता येते. पुढच्या खेपेला जाल तेव्हा नावाच्या अक्षरांचा फोटो आणा. मंडळाच्या वाचनालयात लावू.