एचटीएमएल एस्केपिंगची चाचणी

वापरकर्त्याने भरलेला मजकूर वेब अ‍ॅप्लिकेशनच्या पानावर निव्वळ मजकूर म्हणूनच उमटतो, ब्राउझर त्याला कोड समजून चालवत नाही, याची खात्री करणारी सुरक्षा-चाचणी. ही खात्री नसेल, तर एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्याच लॉगिनच्या अधिकाराने चालतो. या हल्ल्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात.

एस्केपिंगमध्ये पान पाठवताना < ऐवजी &#60; आणि " ऐवजी &#34; असे संकेत लिहिले जातात. ब्राउझर मूळ चिन्ह दाखवतो, पण त्याचा टॅग (पानाची रचना सांगणारी खूण) होत नाही. एकेरी अवतरणचिन्ह मात्र अनेकदा निसटते. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतले यासाठीचे प्रचलित फंक्शनसुद्धा २०२१च्या ८.१ आवृत्तीपर्यंत, वेगळे सांगितल्याशिवाय, ते बदलत नसे.

धोकादायक शब्द गाळणे म्हणजे एस्केपिंग नव्हे. २००५च्या ऑक्टोबरात सॅमी कामकार याने मायस्पेस या सोशल नेटवर्किंग साइटवर हे दाखवून दिले. ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द तिथे गाळला जाई. त्याने शब्दाच्या मधोमध नवी ओळ टाकून तो फोडला. काही ब्राउझरांनी तुकडे जोडून कोड चालवला. सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलांवर तो पसरला आणि मायस्पेसला साइट बंद ठेवावी लागली.

म्हणून टेस्टर ५ < ७ & "क" असा निरुपद्रवी मजकूर प्रत्येक रकान्यात भरून पाहतो. तो पानावर जसाच्या तसा दिसला पाहिजे. त्यातले काही गायब झाले किंवा &#60; हेच डोळ्यांना दिसू लागले (म्हणजे एस्केपिंग दोनदा झाले), तरी चाचणी नापासच धरावी.

मजकूर कुठे उमटतो, याला सर्वाधिक महत्त्व आहे. २१ सप्टेंबर २०१० रोजी ट्विटरवर पसरलेल्या हल्ल्यात नवा टॅग लागलाच नाही. लिंकच्या पत्त्यातल्या एका दुहेरी अवतरणचिन्हाने अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमधला पत्ता धरणारा भाग) संपवले आणि पुढे माउस फिरताच चालणारा कोड जोडला गेला. ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणाऱ्या लिंकमध्ये तर एस्केप करण्याजोगे चिन्हही नसू शकते, तिथे पत्त्याची सुरुवातच तपासावी लागते. एकच नाव प्रोफाइलवर, ईमेलमध्ये आणि अ‍ॅडमिनच्या यादीत उमटत असेल, तर तिन्ही जागा स्वतंत्रपणे तपासाव्यात. अ‍ॅडमिनची यादी हमखास राहून जाते, आणि सर्वाधिक अधिकार असलेली व्यक्ती नेमकी तीच उघडते.

सर्व्हरचे उत्तर वाचून भागत नाही. पान उघडल्यावर ब्राउझरमधली स्क्रिप्ट तोच मजकूर ‘इनरएचटीएमएल’मधून, म्हणजे एचटीएमएल म्हणूनच, पानात घालत असेल, तर सर्व्हरवरचे एस्केपिंग तिथे पोहोचतच नाही. ही चाचणी प्रत्यक्ष ब्राउझरमध्येच करावी लागते.