बुलूग आणि रुश्द : बीदर-कलबुर्गी परिसराच्या इतिहासातील प्रौढत्वाची कल्पना

मराठीत माणूस 'वयात येतो', पुढे 'जाणता' होतो आणि कायद्याच्या भाषेत 'सज्ञान' ठरतो. उर्दूच्या नित्य वापरात या सर्वांसाठी बहुधा 'बालिग' हा एकच शब्द पुरतो. मात्र इस्लामी फिकहने बालिग होणे आणि जाणते होणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांच्या मालमत्तेसंबंधी आदेश आहे. विवाहाच्या वयापर्यंत त्यांची पारख करावी आणि त्यांच्यात 'रुश्द', म्हणजे समज, आढळल्यावर मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करावी, असा त्याचा आशय आहे. शारीरिक लक्षणे न दिसल्यास इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांनी बुलूगसाठी 15 वर्षांची मर्यादा सांगितली. इमाम अबू हनीफा यांनी मुलासाठी 18 व मुलीसाठी 17 वर्षे मानली. आणि रुश्द न आढळली तरी 25 वर्षांनंतर मालमत्ता अडवून ठेवता येणार नाही, असेही त्यांचे मत होते.

या भेदाचा प्रत्यक्ष अनुभव बीदरने बहमनी काळात घेतला. 1461 मध्ये हुमायून शाहच्या मृत्यूनंतर सुमारे आठ वर्षांचा निजाम शाह गादीवर आला. 1463 मध्ये तोही वारला आणि त्याचा धाकटा भाऊ मुहम्मद शाह तिसरा सुलतान झाला. कारभार राजमाता नर्गिस बेगम, ख्वाजा जहाँ तुर्क आणि महमूद गवान या तिघांच्या हाती होता. 1466 च्या सुमारास ख्वाजा जहाँ मारला गेला. पुढे सुलतानाचा विवाह झाल्यावर राजमातेने कारभारातून अंग काढून घेतले. सुलतान बालिग झाला, पालकत्व संपले. परंतु 5 एप्रिल 1481 रोजी याच सुलतानाने एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून, चौकशी न करता, महमूद गवानाचा शिरच्छेद करविला. ज्याने 1472 मध्ये बीदरला मदरसा उभारून दिला, त्या वृद्ध वजिराचा हा शेवट होता. सुलतानाने तेव्हा पंचविशी ओलांडली होती. पुढचा सुलतान महमूद शाह 1482 मध्ये बारा वर्षांच्या आसपास गादीवर आला आणि 1518 पर्यंत सुलतान राहिला. पण सत्ता कासिम बरीद व नंतर अमीर बरीद यांच्याकडे गेल्याने तो वयाने प्रौढ असूनही जन्मभर पाल्यच राहिला. पहिल्या सुलतानाची पारख कोणी केली नाही, तर दुसऱ्याला ती देण्याची संधीच मिळाली नाही.

आधुनिक कायद्याने पारखीचा भाग वगळून वर्षे मोजण्याची पद्धत स्वीकारली. 1875 च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने साधारणपणे 18 वर्षे ठरविली, परंतु विवाह, महर, तलाक आणि दत्तक हे विषय त्यातून वगळले. 1929 चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यातील बीदर-गुलबर्ग्यास तो लागू नव्हता.

1948 मध्ये मात्र या जिल्ह्यांत प्रौढत्व कोणत्याही कायद्याने आले नाही. रझाकारांच्या अत्याचारांत बीदर जिल्ह्यातील गोर्टा गावासारखी ठिकाणे उद्ध्वस्त झाली. सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर संकट कोसळले. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेडसह बीदर आणि गुलबर्गा यांचा उल्लेख केला, आणि संपूर्ण संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज दिला. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, तेथे थोरला मुलगा मजुरीला लागला त्याच दिवशी प्रौढ ठरला. आयतीतला अनाथ होता. मालमत्ता नव्हती आणि पारख करणारा वलीही नव्हता.

1951-52 च्या निवडणुकीत 21 वर्षांवरील प्रत्येकास मत मिळाले. त्यासाठी उर्दूत 'हक-ए-राय-दही-ए-बालिगान' अशी भारदस्त शब्दयोजना आहे. ही वयोमर्यादा 1989 मध्ये 18 झाली. दरम्यान 1956 मध्ये हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि कचेरीची भाषा बदलली. उर्दूत शिकलेल्या पित्याला कन्नड नोटीस वाचण्यासाठी शाळकरी मुलाकडे पाहावे लागले. भालकी, औराद, आळंदच्या मराठी घरांतही हे नवे नव्हते. घरात जाणता कोण, या प्रश्नाचे उत्तर येथे वयाने नव्हे, लिपीने दिले.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. फिकहमधील 'खियार-उल-बुलूग' म्हणजे बालपणी लावलेला निकाह वयात आल्यावर नाकारण्याचा अधिकार. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने 15 वर्षांपूर्वी लग्न झालेल्या मुलीस, सहवास झाला नसल्यास, 18 वर्षांच्या आत निकाह नाकारण्याची मुभा दिली. प्रौढत्वाची पहिली कृती म्हणून नकार देण्याचा हक्क मुलीला देणारी ही तरतूद आपल्या वर्गांत फारशी शिकवली जात नाही, हे खेदजनक आहे. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात कर्नाटकाने 2016 मध्ये दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरविला. म्हणजे मुलीच्या नकाराची वाट न पाहता राज्यानेच निर्णय दिला. हा कायदा व्यक्तिगत कायद्याच्या वर आहे काय, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. विवाहाचे वय मुलींसाठीही 21 करू पाहणारे 2021 चे विधेयक 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले.