मालसरहून ग्वारीघाटापर्यंत

आमचा योगवर्ग जबलपुरात, ग्वारीघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत, एका धर्मशाळेच्या माडीवर भरतो. फी नाही. दाराशी पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, ज्याला जे जमेल ते त्याने टाकावं. त्यातून विजेचं बिल भागतं आणि सतरंज्या धुऊन येतात. शिकवणाऱ्या ताई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. सूचना सगळ्या हिंदीत, कारण वर्गात बुंदेली बोलणाऱ्या शेजारणी आहेत, पलीकडच्या गल्लीतल्या सिंधी भाभी आहेत, खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले बंगाली काका आहेत. खिडकीशी आम्हा मराठी बायकांची रांग. पहाटे नर्मदेवरून येणारा गारठा त्या खिडकीतून थेट पाठीवर येतो, तरी ती जागा कुणी सोडत नाही.

असे वर्ग आता गावोगाव आहेत. इतके, की त्यांनाही काही इतिहास असेल हे कुणाच्या मनात येत नाही. योग म्हटलं की लोक एकदम पतंजलीपर्यंत मागे जातात, नाही तर टीव्हीवरच्या बाबांपाशी थांबतात. मधली शंभर वर्षं कुणी मोजतच नाही. मला त्या शंभर वर्षांबद्दलच बोलायचं आहे. कारण संसारी माणसांनी, बायकांनी, म्हाताऱ्यांनी एका खोलीत जमायचं, शेजारच्याच कुणाकडून आसनं शिकायची आणि चहाच्या वेळेला घरी परतायचं, ही रीत आपोआप पडलेली नाही. ती काही माणसांनी ठरवून पाडली. त्यांतल्या दोघांचा गुरू याच नर्मदेच्या काठी राहत होता.

जबलपूरला या विषयातली मोठी नावं नवी नाहीत. भंवरतालच्या बागेतलं मौलश्रीचं झाड पाहुण्यांना आजही दाखवलं जातं. २१ मार्च १९५३ च्या रात्री आपल्याला तिथे ज्ञान झालं, असं रजनीश सांगत. पुढे ते इथल्याच महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि १९६६ मध्ये नोकरी सोडून बाहेर पडले. महर्षी महेश योगींच्या नावाच्या शाळा आणि संस्था या शहरात आहेत. दोघांची कीर्ती जगभर झाली. पण घाटाजवळच्या बायकांना सकाळचा आसनांचा वर्ग त्यांच्याकडून आलेला नाही. त्यांचा सगळा भर ध्यानावर. माझ्या सासूबाईंच्या पिढीला आधी गुडघ्यांचं, दम्याचं आणि बाळंतपणानंतर धरलेल्या पाठीचं काही तरी उत्तर हवं होतं. ते दुसऱ्या वाटेनं आलं, आणि ती वाट मला जास्त मोलाची वाटते.

नर्मदा इथून वाहत वाहत गुजरातेत जाते तेव्हा बडोदा जिल्ह्यात तिच्या उत्तर तीरावर मालसर नावाचं गाव लागतं. परमहंस माधवदास हे बंगाली साधू देशभर पायी भटकून शेवटी तिथे स्थिरावले. शंभरी ओलांडलेले, असं शिष्य सांगत. १९२१ मध्ये त्यांनी देह ठेवला. ते तिथेच राहिले असते आणि शिष्यही तिथेच राहिले असते, तर आज त्यांची एक समाधी आणि एक उत्सव एवढंच उरलं असतं. तसं झालं नाही, कारण त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत दोन असे तरुण त्यांच्यापाशी पोचले ज्यांना मठात राहायचं नव्हतं.

पहिले मणिभाई देसाई, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. १९१६ मध्ये मुंबईतल्या माधवबागेत त्यांची माधवदासांशी गाठ पडली आणि ते कॉलेज सोडून मालसरला गेले. शिकून परत आले ते श्री योगेंद्र होऊन. २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या समुद्राकाठच्या घरात, त्यांनी योग इन्स्टिट्यूट सुरू केली. येणाऱ्याला दीक्षा घ्यायची गरज नव्हती, घर सोडायची गरज नव्हती. योगेंद्रांनी स्वतः लग्न केलं, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये खास बायकांसाठी योगावर पुस्तक लिहिलं. ज्या विद्येत बाईची सावलीही नको असं कित्येक साधू मानत, त्या विद्येवर एक गृहिणी, दुसऱ्या गृहिणींसाठी, सोळा वर्षांच्या आत पुस्तक लिहिते. आमच्या खिडकीजवळच्या रांगेचा जन्म मी त्या पुस्तकापासून धरते.

दुसरे जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ मध्ये डभोईला जन्मलेले, बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या व्यायामशाळेत तयार झालेले, पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम केलेले. त्यांनी माधवदासांकडून ज्या क्रिया पाहिल्या आणि शिकल्या त्यांनी त्यांना शिक्षक म्हणून अस्वस्थ केलं. हे होतं ते कसं होतं, हा प्रश्न त्यांना सोडेना.

बस्तीचंच उदाहरण घ्या. हठयोगप्रदीपिकेत सांगितलं आहे की नाभीइतक्या पाण्यात उत्कटासनात बसावं, गुदद्वारात नळी असावी आणि आकुंचन करून पाणी आत घ्यावं. नर्मदेच्या काठी हे करणारे साधू होते. पिचकारी नाही, दाब नाही, तरी पाणी वर चढतं. भाविक म्हणायचे सिद्धी, आणि शिकलेले म्हणायचे थाप. गुण्यांनी दोन्ही उत्तरं नाकारली. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणारी माणसं क्ष-किरणांखाली उभी केली, मोठ्या आतड्यातला दाब पाऱ्याच्या दाबमापकावर मोजला. नौली करताना पोटाचे मधले स्नायू पुढे येतात तेव्हा आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बाहेरचं पाणी म्हणून आत ओढलं जातं. इतकं साधं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम.

मला ही गोष्ट फार आवडते. शिष्याने गुरूची मूर्ती बसवली नाही, पारा जिथे खाली गेला त्या जागेला त्याचं नाव दिलं.

१९२४ मध्ये गुण्यांनी, म्हणजे तोपर्यंत स्वामी कुवलयानंदांनी, लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं आणि हे सगळे प्रयोग आकड्यांसकट 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापायला सुरुवात केली. १९२७ मध्ये गांधीजींनी आपल्या तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. पण माझ्या दृष्टीनं कैवल्यधामाचं खरं काम वेगळंच आहे. आसन किती वेळ धरायचं, कुणी करायचं नाही, कशानंतर काय घ्यायचं, हे त्यांनी कागदावर आणलं. जे कागदावर येतं ते शाळामास्तरलाही शिकवता येतं, त्याला सिद्ध पुरुष असावं लागत नाही. आमच्या ताई रक्तदाबवाल्या काकांना सर्वांगासन करू देत नाहीत आणि त्याऐवजी भिंतीला पाय लावून झोपवतात, ते या कागदाच्या जोरावर.

महाराष्ट्रात त्याच काळात आजूबाजूला बरंच चाललं होतं. अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या प्रचारात बुडालेले होते, संस्थानातल्या शाळांत पोरं नमस्कार घालत होती. पुण्यात १९३७ मध्ये अय्यंगार आले. यातला प्रत्येक धागा स्वतंत्र लेखाचा आहे, म्हणून इथे थांबते. जबलपूरच्या वाटेवरचं पुढचं ठिकाण नागपूर.

माझं माहेर नागपूरचं. रामनगरला जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळ स्थापन केलं, आणि आई तिथे जायला लागली ती नऊवारी नेसूनच. स्वामींचा दंडक असा, की योग शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवायचं. मंडळाचे वर्ग देवळांत, शाळांत, मोकळ्या मैदानांवर भरत. योगेंद्र आणि कुवलयानंदांनी योग आश्रमाबाहेर आणला खरा, पण मुंबईत किंवा लोणावळ्याला जाऊन राहणं सगळ्यांच्या ऐपतीतलं नव्हतं. जनार्दनस्वामींनी तो मोहल्ल्यात आणला. आई घरी परतली की पोळ्या लाटता लाटता आम्हा मुलींना सांगायची, "श्वास नाकानं, आणि घाई करायची नाही." तिने आयुष्यात तेवढंच शिकवलं असं नव्हे, पण हे रोज शिकवलं.

मग १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर राजधानी राहिलं नाही, आणि हायकोर्ट जबलपूरला आलं. त्याच्याबरोबर वकील आले, पेशकार आले, टायपिस्ट आले, त्यांचे संसार आले. जबलपुरात मराठी माणूस त्याआधीही होता. सागरचे मराठे, नंतर नागपूरकर भोसले यांची सत्ता इथे १८१७ पर्यंत होती, आणि मध्य प्रांताच्या दिवसांत नोकरदारांची ये-जा चालूच असे. पण ५६ ची भरती वेगळी होती. ती एकाच शहरातून, ओळखीपाळखीच्या घरांसकट आली होती. माझे सासरे त्यांतलेच, हायकोर्टातले कारकून.

मी लग्न होऊन आले ती छोट्या लाइनीनं. गोंदियाला गाडी बदलायची, मग बालाघाट, नैनपूर, जंगल आणि डोंगर करत दिवस जायचा. जमतऱ्याच्या पुलावर गाडी आली की डब्यातले सगळे 'नर्मदे हर' म्हणत नाणी पाण्यात टाकायचे, आणि पुढचं स्टेशन ग्वारीघाट. ती लाइन २०१५ मध्ये बंद झाली, आता मोठी लाइन आहे. शहरातल्या चौकाचं नाव मात्र अजून छोटी लाइन फाटकच आहे. त्या गाडीतून लोणच्याच्या बरण्या आल्या, गणपतीच्या आरत्या आल्या, आणि मी खात्रीनं सांगते, नागपूरची योगाची सवयही आली. कुणी शाखा काढली नाही, फलक लावला नाही. आमच्या अंगणात मी आणि शेजारच्या दोघी पहाटे सतरंजी टाकून बसायला लागलो. सासूबाई दारात उभ्या राहून बघत. मग एक दिवस त्याच पाट घेऊन आल्या, कारण खाली बसणं त्यांना होत नव्हतं. पाटावर बसूनच त्यांनी अनुलोम-विलोम शिकून घेतलं. भिशीतल्या बायका आल्या, त्यांच्या हिंदी भाषक शेजारणी आल्या, अंगण पुरेना तेव्हा धर्मशाळेची माडी मागितली.

धर्मशाळेचा एक मोठा फायदा म्हणजे परिक्रमावासी. कार्तिकी एकादशीनंतर पुढे काही महिने ते ग्वारीघाटाला येत राहतात, आणि त्यांत मराठी माणसं भरपूर. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, असा परिक्रमेचा नेम. त्यामुळे ओंकारेश्वराहून निघालेली माणसं आधी दक्षिण तटानं समुद्रापर्यंत जातात, तिथे नावेनं वळसा घेतात आणि उत्तर तटानं वर चढत आमच्यापर्यंत पोचतात. समोरच्या काठावरचा गुरुद्वारा त्यांना दिसतो, पण आमच्यासारखं नावेत बसून पलीकडे जाता येत नाही.

एका हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एक काकू मुक्कामाला होत्या. पिंढऱ्या दगडासारख्या झालेल्या, टाचांना भेगा. ताईंनी त्यांना वर्गात बोलावलं, भिंतीला टेकून बसवलं आणि पायाची बोटं एकेक करून मागेपुढे करायला सांगितली, मग घोटा गोल फिरवायला, मग गुडघ्याची वाटी वर खेचून सोडायला. पवनमुक्तासनाच्या आधीचा हा अभ्यास वर्गात नवीन माणसाला कंटाळवाणा वाटतो. काकू मात्र डोळे मिटून करत होत्या. नंतर चहा घेताना वाटेतली गावं सांगायला लागल्या, आणि ओघात म्हणाल्या, "मालसरला दोन दिवस राहिले हो, तिथे आश्रमात फार छान व्यवस्था." मी त्यांना माधवदासांचं विचारलं. त्यांनी समाधीला नमस्कार केला होता, पण ते कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. जिथून त्या चालत आल्या होत्या तिथूनच, त्या नुकत्याच बसल्या होत्या तशा वर्गाची रीत, मुंबई, लोणावळा, नागपूर अशी फिरत, शंभर वर्षांत इथे पोचली होती. काकूंनी ताईंच्या पायाला हात लावला. ताई संकोचल्या आणि त्यांनी उलट परिक्रमावासी म्हणून काकूंनाच नमस्कार केला.

आता सरकारही योगाच्या मागे उभं आहे. २००७ मध्ये मध्य प्रदेशात शाळाशाळांतून एकाच वेळी सूर्यनमस्कार घातले गेले, पुढे विवेकानंद जयंतीला ते होऊ लागले. २०१५ पासून २१ जून हा जागतिक योग दिवस झाला आणि २०२३ चा राष्ट्रीय कार्यक्रम तर जबलपुरातच, गॅरिसन मैदानावर, उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या उपस्थितीत झाला. आमच्यातले बरेच जण गेले होते. इतकी माणसं एका तालात हात वर करताना पाहून मला भरून आलं, ते मी लपवत नाही. तरी मला वाटतं, मैदानावर शिकता येत नाही. तिथे कुणी तुमच्या खांद्याला बोट लावून 'हा वर चढलाय, खाली सोडा' असं म्हणत नाही. त्यासाठी छोटी खोली लागते आणि तुमचा खांदा ओळखणारं माणूस लागतं. मैदानावरून आलेली नवी मंडळी दुसऱ्या आठवड्यात गळतात किंवा अशा खोलीत येऊन टिकतात, हे आम्ही दर जुलैत पाहतो.

यंदा टिकणाऱ्यांत घाटावर पूजेचं सामान विकणाऱ्या बायका आहेत. त्यांना सकाळची वेळ जमत नाही, तेव्हाच त्यांची विक्री असते, आणि संध्याकाळी आरतीची गर्दी. म्हणून दुपारी तीनची नवी तुकडी काढायचं ठरलं आहे. माडी मिळाली आहे. सतरंज्या आहेत त्यातच भागेल. शिकवायला मी आहे आणि सिंधी भाभी तयार झाल्या आहेत. आठवड्यातले दोन दिवस अजून रिकामे आहेत, त्यासाठी ताई कुणाला तरी तयार करत आहेत.