देवळालीचा ताप: बिअरच्या ग्लासावरचे नाशिकजवळचे एक नाव

१/ पुण्यात किंवा मुंबईत ‘डूलाली’ ही पाटी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही मायक्रोब्रुअरी महाराष्ट्रातील पहिली म्हणून ओळखली जाते. इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट. पण हा शब्द इंग्रजीचा नव्हे. तो नाशिक रोडहून मुंबईकडे येताना लागणाऱ्या पहिल्याच स्थानकाचा आहे: देवळाली. एका गावाचे नाव वेडाचा पर्याय कसे झाले, त्याचा हा थ्रेड. 🧵

२/ प्रारंभ १८५७ च्या उठावानंतरचा. हिंदुस्थानी शिपायांवरचा विश्वास उडालेल्या ब्रिटिश सरकारने येथील गोऱ्या सैनिकांची संख्या साठ ते सत्तर हजारांच्या घरात नेली. एवढ्या माणसांची विलायतेहून सतत ने-आण करावयाची, तर मुंबई बंदराजवळ, परंतु मुंबईच्या दमट हवेपासून दूर, अशी एक थांबण्याची जागा हवी होती.

३/ देवळाली या हिशेबात नेमकी बसली. सह्याद्रीच्या माथ्यावरची कोरडी हवा, मोकळे माळ आणि दारातून जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १८६१ च्या सुमारास येथे छावणी उभी राहिली. १८६५ मध्ये थळ घाटातील मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईशी रेल्वेने थेट सांधा जुळला. नाशिककर आजही या भागाला ‘कॅम्प’ म्हणतात, ते तेव्हापासूनचे.

४/ विलायतेहून नव्याने आलेला सैनिक येथे उतरे, हवेची सवय करून घेई आणि पुढे आपल्या पलटणीकडे जाई. मुदत संपलेला सैनिक उलट दिशेने येथे येई आणि जहाजाची वाट पाहत बसे. शब्दाचा जन्म झाला तो या दुसऱ्या रांगेत.

५/ कारण जहाजे बारमाही नव्हती. ‘मलबार’, ‘जमना’, ‘सेरापिस’ यांसारखी सरकारी सैन्यवाहू जहाजे उन्हाळा व पावसाळा टाळून मुख्यतः हिवाळ्याच्या महिन्यांत ये-जा करीत. हंगामाचे शेवटचे जहाज गेल्यानंतर ज्याची मुदत संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत तिष्ठत राहावे लागे. नोकरी संपलेली, घर हजारो मैल दूर आणि मध्ये कित्येक रिकामे महिने.

६/ या रिकामपणाचे वर्णन फ्रँक रिचर्ड्स या साध्या सैनिकाने केले आहे. रॉयल वेल्श फ्युसिलियर्समधून तो विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आला. त्याचे ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे पुस्तक १९३६ चे. तो सांगतो: मुदत संपलेल्यांकडे शस्त्रे नसत, कामही जवळजवळ नसे. वर्षानुवर्षे निष्कलंक राहिलेली माणसे येथे गुन्हे करून तुरुंगात जात, काही गुप्तरोगाने रुग्णालयात पोहोचत. वागण्यातला हा विचित्रपणा छावणीच्या कंटाळ्यातून आला, असे त्याचे मत.

७/ सैनिकांनी त्याला नाव दिले: ‘डूलाली टॅप’. येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. हा ‘टॅप’ म्हणजे टकटक नव्हे, नळही नव्हे. तो हिंदुस्थानी ‘तप’, म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप! १९२५ मध्ये फ्रेझर व गिबन्स यांच्या सैनिकी शब्दकोशात तो नोंदला गेला. पुढे ‘ताप’ गळाला आणि केवळ ‘डूलाली’ उरले.

८/ योगायोग पाहा. आजच्या ‘डूलाली टॅपरूम’मधला टॅप बिअरच्या नळाचा आहे, मूळ शब्दप्रयोगातला टॅप ज्वराचा. दोन भाषांतले दोन शब्द एका पाटीवर शेजारी येऊन बसले आहेत.

९/ मग बिअरचे काय? इंडिया पेल एल ही हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांची बिअर, असा समज प्रचलित आहे. वास्तविक ती प्रामुख्याने अधिकारी आणि व्यापारी वर्गाची. साध्या सैनिकांसाठी मोठ्या प्रमाणावर येई ती काळपट पोर्टर. पुढे बिअर येथेच तयार होऊ लागली. एडवर्ड डायरने कसौलीला ब्रुअरी काढली आणि १८६० मध्ये मरी येथे दुसरी उभी राहिली. पलटणीच्या कँटीनमध्ये माल्टची बिअर अधिकृतपणे विकली जाई.

१०/ म्हणजे गोऱ्या सैनिकाचे पिणे ही सरकारी व्यवस्थेचा भाग असलेली बाब होती. आता देवळालीहून पश्चिमेस वळू. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकचा डोंगराळ पट्टा आणि घाटाखालचा तेव्हाचा ठाणे जिल्हा: कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांचा मुलूख. येथे उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचून वाळवायची, वेळेला खायची आणि भिजवून, आंबवून त्यांची दारूही गाळायची.

११/ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा ठरवला. उत्पादन ठरावीक भट्ट्यांत, विक्री मक्तेदारांच्या हाती आणि कर सरकारच्या तिजोरीत. एवढ्यावर भागले नाही. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत दारूबरोबर खुद्द मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. झाडाखाली पडलेले फूल घरात साठवणे संशयास्पद ठरले.

१२/ एकाच सरकारने एकाच काळात एकाला कँटीन दिले आणि दुसऱ्याच्या मडक्यावर पोलीस पाठवला. यात नैतिकतेपेक्षा महसुलाचा प्रश्न मोठा होता. घरी गाळलेल्या दारूवर कर मिळत नाही.

१३/ आदिवासींनी याला दिलेले उत्तरही सरळ नव्हते. १९२२ मध्ये ठाण्याच्या किनाऱ्यापासून सुरत जिल्ह्यापर्यंत ‘देवी’ची चळवळ पसरली. अंगात आलेल्या देवीच्या आज्ञेने हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली आणि दारूच्या मक्तेदारांवर बहिष्कार टाकला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. पिण्याचा हक्क हिरावला गेलेल्यांनी न पिण्याचे हत्यार उचलले, असे तिचे एक वाचन करता येते.

१४/ आता दोन्ही आठवणी शेजारी ठेवू. गोऱ्या सैनिकाच्या कंटाळ्याला इंग्रजी शब्दकोशात जागा मिळाली. देवळालीच्या छावणीवर बीबीसीने १९७४ ते १९८१ अशी विनोदी मालिकाही चालवली. मोहासाठी दंड भरणाऱ्याच्या वाट्याला असा शब्द आला नाही. तो अबकारी खात्याच्या कागदांत आरोपी म्हणून उरला. आणि त्या सैनिकाचेही दुःख नीट उरले नाही. एकटेपणाने खचलेल्या गरीब घरच्या माणसांची व्यथा थट्टेचा शब्द झाली.

१५/ कोणते पेय प्रतिष्ठित आणि कोणते गुन्हेगारी, हे आजही पेल्यापेक्षा धोरण अधिक ठरवते. २००१ च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वायनरींना अबकारी सवलती दिल्या आणि नाशिक पर्यटकांसाठी ‘वाइनची राजधानी’ झाले. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला मोह आजही फुलतो.

१६/ नाशिकला एका दिवसाची सहल काढणार असाल, तर द्राक्षमळ्यांबरोबर दोन ठिकाणे यादीत घाला. एक, देवळाली कॅम्प. दुसरे, मार्च-एप्रिलमध्ये पेठ-सुरगाण्याकडचा रस्ता. तेथे पहाटे झाडाखाली फुले वेचणारी माणसे दिसतील. त्यांना विचारा, मोहाला घरात काय काय म्हणतात, त्याचे काय काय करतात. त्यांतले बरेच शब्द ब्रँडच्या पाट्यांवर सहसा दिसत नाहीत. तुमच्या घरी, गावी मोहाशी जोडलेला एखादा शब्द असेल, तर खाली अवश्य लिहा.