उंबरा आणि रस्ता

आमचं बेलापूर प्रवरेच्या काठचं. माझ्या लहानपणी आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या आणि समोरची गल्ली मुरमाची होती. अब्बा संध्याकाळी वरच्या पायरीवर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायचे. पुढे गल्लीत खडी आली, खडीवर डांबर आलं. डांबर उखडलं की त्यावर पुन्हा डांबर. प्रत्येक थराबरोबर पायऱ्या जमिनीत जाऊ लागल्या. शेवटी त्याच थरांवर सिमेंट काँक्रीट पडलं. गल्ली चकचकीत झाली आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उंबरा ओलांडून घरात आलं. अम्मीची कपड्यांची पेटी भिजली, माझ्या कवितांच्या दोन वह्याही. तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही : रस्ता कसा दुरुस्त करायचा, हे ठरतं तरी कसं?

प्रश्न जुना आहे. मोटारी वाढल्या आणि बैलगाडीच्या काळातले रस्ते टिकेनात, तेव्हा १९२७ साली सरकारनं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. रस्त्यांसाठी हक्काचा पैसा हवा, असं समितीनं सांगितलं आणि पेट्रोलवरच्या जादा करातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. थर किती जाडीचे, खडी कोणती, डांबर किती, याची मानकं ही संस्था ठरवते. म्हणजे शास्त्र आपल्याकडे आलं त्याला नव्वद वर्षं होऊन गेली.

हे शास्त्र सांगतं की डांबराचा वैरी पाणी. साचलेलं पाणी खडीवरची डांबराची पकड सोडवतं. म्हणून खड्डा आधी चौकोनी कापावा, झाडून कोरडा करावा, आतून पातळ डांबर लावावं आणि मग गरम मिश्रण भरून दाबावं. भर पावसात टाकलेला मुरूम पुढच्या सरीबरोबर वाहून जातो. काँक्रीट पाण्याला दाद देत नाही, नीट केलं तर पंचवीस-तीस वर्षं टिकतं. पण पहिला खर्च मोठा, आणि नळासाठी एकदा फोडलं की पुन्हा पहिल्यासारखं जुळत नाही. पेव्हर ब्लॉक काढून परत बसवता येतात, मात्र खालचा थर कच्चा असेल तर जड गाड्यांखाली खचतात. त्यात आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरून उसाच्या जोडट्रॉल्या. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं, असं अमेरिकेतल्या १९५०च्या दशकाअखेरच्या चाचण्यांतून दिसलं.

या विषयात पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं नाव निघतंच. सत्तरच्या दशकात पावसानं शहराचे रस्ते उखडले, तेव्हा पालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीला बोलावलं. कंपनी दोन पारशी भावांची. रस्ता १९७६ साली झाला आणि कंपनीनं त्याची दहा वर्षांची लेखी हमी दिली. हमीची मुदत संपून कित्येक वर्षं लोटली तरी त्या रस्त्यावर खड्डा शोधावा लागे. जादूचा पदार्थ काही नव्हता. डांबरच होतं, पण दहा वर्षं जबाबदार राहायचं आहे हे ठाऊक असलेल्या माणसांनी ते घातलं होतं.

आता यातली अडचणही सांगतो. ते काम निविदा न मागवता दिलं गेलं. माणसं नेकीची निघाली म्हणून निभावलं. सगळीकडे तसं करू लागलो तर सोयऱ्याधायऱ्यांचं फावेल. निविदा हवीच. पण नुसता कमीत कमी दर पाहिला तर तो दर थर पातळ करूनही गाठता येतो. म्हणून हमी निविदेतच लिहायला हवी. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तसं केलं गेलं. रस्ता बांधणाऱ्यानंच पुढची पाच वर्षं त्याची देखभाल करायची, ही करारातलीच अट.

खेड्यातल्या गल्लीचं अंदाजपत्रक मी एकदा मागून वाचलं. लांबी, रुंदी, जाडी, सगळं होतं. पाणी कुठे जाणार आणि घरांचे उंबरे किती उंचीवर आहेत, याला रकानाच नव्हता. डांबर की सिमेंट, यावर आपण चहाच्या टपरीवर तासभर भांडतो. त्याआधी विचारायचं ते राहूनच जातं : जुना थर खरवडणार का? पाइप आधी टाकून घेणार का? रस्ता उखडला तर कुणाला धरायचं?

आमच्या शेजारच्या गल्लीचं काम आता निघतंय. तिथे एकट्या राहणाऱ्या एक आजी आहेत. त्यांच्या घराला अजून दोन पायऱ्या शिल्लक आहेत. येत्या ग्रामसभेत मी त्या दोन पायऱ्यांसाठी उभा राहणार आहे.