फुटलेल्या पंख्याची साक्ष

विमानविद्येच्या इतिहासांत उड्डाणांचे विक्रम ठळकपणें नोंदले जातात. अपघातांची नोंद बहुधा शोकवार्तेपुरतीच राहते. वस्तुतः या विद्येचा पाया विक्रमांइतकाच अपघातांच्या चौकशीनें भक्कम झाला आहे. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं अमेरिकेंत घडलेली घटना हें त्याचें पहिलें मोठें उदाहरण होय.

राइट बंधूंनीं १९०३ सालीं विमान उडविलें, तरी पुढें कित्येक वर्षें जगाचा त्यावर पुरता विश्वास बसला नव्हता. १९०८ सालीं वडील बंधु विल्बर फ्रान्समध्यें उड्डाणें करून दाखवीत होता, आणि धाकटा ऑर्व्हिल वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर येथें अमेरिकन लष्करापुढें परीक्षा देत होता. विमानानें दोन माणसांसह तासभर हवेंत राहावें व ताशीं ४० मैलांचा वेग गांठावा, अशी लष्कराची अपेक्षा होती.

त्या सायंकाळीं ऑर्व्हिलच्या शेजारीं लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज बसला होता. वय अवघें २६. तो स्वतः विमानविद्येचा अभ्यासक व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या संशोधक मंडळींपैकीं एक. विमानाला नुकतेच पूर्वींहून लांब पंखे बसविलेले होते. मैदानाभोंवतीं कांहीं फेऱ्या झाल्या, तोंच मागून हलकीशी टकटक आणि लागलीच दोन मोठे आघात ऐकूं आले. ऑर्व्हिलनें यंत्र बंद करून तरंगत खालीं उतरण्याचा यत्न केला. परंतु सुकाणूं ताब्यांत राहिलें नव्हतें. विमान वळलें व नाकावर कोसळूं लागलें. जमीन पंचवीसेक फुटांवर आली असतां तें सांवरूं लागलें, पण तेवढें अंतर पुरलें नाहीं. सेल्फ्रिज त्याच रात्रीं मरण पावला. शक्तिचलित विमानाच्या अपघातांत बळी पडलेला तो पहिला मनुष्य. ऑर्व्हिलची मांडी व बरगड्या मोडल्या.

दोष कोणाचा? चालकाचा हात चुकला काय? कीं मनुष्यानें हवेंत उडण्याचा हव्यासच सोडावा? लष्करी मंडळानें चौकशी केली. ऑर्व्हिलनेंही बिछान्यावरून कारणांचा शोध सोडला नाहीं. मोडक्या अवशेषांनीं उत्तर दिलें. पंख्याच्या एका पात्याला उभी भेग पडली होती. तें पातें चपटें होऊन हवा रेटेनासें झालें. दुसरें मात्र पूर्ववत् जोर करीत राहिलें. या विषम जोरानें पंखा थरथरला, त्याचे आधार ढिले झाले, आणि फिरतां फिरतां त्यानें सुकाणूं ताणून धरणारी तार उखडली. सुकाणूं कलंडलें, आणि ज्यानें दिशा द्यावयाची, तेंच विमानाला खालीं लोटूं लागलें.

कारण कळलें, म्हणून उपाय शक्य झाला. १९०९ सालीं दोघे बंधु नव्या विमानासह त्याच मैदानावर परतले. २७ जुलै रोजीं ऑर्व्हिल एका अधिकाऱ्यासह तासाहून अधिक काळ हवेंत राहिला. ३० जुलै रोजीं ताशीं सुमारें ४२ मैलांचा वेग साधला. लष्करानें ३०,००० डॉलर देऊन विमान विकत घेतलें.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें १९५१ सालीं अपघात-चौकशीचे नियम स्वीकारले. चौकशीचा हेतु पुढील अपघात टाळणें हा आहे, कोणावर दोष ठेवणें हा नव्हे, हें तत्त्व आज त्या नियमांत स्पष्ट नमूद आहे. सेल्फ्रिजचे प्राण परत येणार नव्हते. परंतु ते कशानें गेले हें शोधल्यामुळें त्याच्यामागून उडणाऱ्यांची वाट अधिक निर्धोक झाली.